मातीचे अभ्यासक : सर अल्बर्ट हॉवर्ड

इंदूर शहराजवळ १९२४ साली शेतीच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री. त्या काळी संस्थेच्या आवारात गेलेल्या माणसाला एक नवल दिसले असते. वेचणी संपल्यावर उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या रस्त्यावर पसरून ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्या त्यांच्यावरून जात. नोकरांनी आळस करून केरकचरा वाटेतच टाकला, असे कोणालाही वाटावे. परंतु तो आळस नव्हता. चाकांखाली भरडलेल्या त्या काड्या पुढे गोठ्यात बैलांखाली अंथरीत, तेथून त्या खड्ड्यात जात, आणि सुमारे तीन महिन्यांनी त्या खड्ड्यातून काळेभोर, भुसभुशीत खत निघे. पऱ्हाटी इतकी टणक असते की ती सहजासहजी कुजत नाही. ती मोडायला यंत्र आणावे, तर पैसा हवा. गरीब शेतकऱ्याजवळ पैसा नसतो; पण गाडी असते, आणि गाडीला चाके असतात. ही युक्ती ज्यांच्या देखरेखीखाली चालत असे, त्या शास्त्रज्ञाचे नाव अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड ह्यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात बिशप्स कॅसल ह्या लहानशा गावी ८ डिसेंबर १८७३ रोजी झाला. त्यांचे वडील शेतकरी होते. लंडन आणि केंब्रिज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे व शेतीचे उच्च शिक्षण घेतले, आणि १८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांत नोकरीला गेले. तेथे उसावरील रोगांचा, म्हणजे मुख्यतः ते रोग आणणाऱ्या बुरशींचा, अभ्यास करण्याचे काम त्यांच्याकडे होते.

काम मानाचे होते, परंतु हॉवर्ड ह्यांचे मन त्यात रमेना. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पान पाहावे, बुरशीचे नाव ठरवावे आणि शेतकऱ्याला उपाय लिहून पाठवावा, असा तो क्रम होता. पण त्या उपायाचा अनुभव स्वतः घ्यावा, तर हाताशी वीतभरही जमीन नव्हती. जो उपदेश आपण स्वतः करून पाहिला नाही, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने करावा, हा प्रश्न शेतकऱ्याच्या ह्या मुलाला टोचू लागला. रोगी झाड पाहणारे पुष्कळ होते. निरोगी झाड निरोगी का राहते, हे कोणी पाहत नव्हते.

१९०३ साली ते इंग्लंडला परतले आणि वाय येथील शेतकी महाविद्यालयात काम करू लागले. तेथे हॉप नावाच्या वेलीची लागवड होत असे. ह्या वेलीत नर आणि मादी अशी दोन वेगळी झाडे असतात. उपयोग मादी वेलीच्या फुलांचा. म्हणून बागाइतदारांनी नर वेली निरुपयोगी समजून काढून टाकल्या होत्या. हॉवर्ड ह्यांनी त्या पुन्हा लावून पाहिल्या. परागण होताच मादी वेली जोमाने वाढू लागल्या आणि कीड व भुरी ह्यांनाही अधिक दाद देईनाशा झाल्या. निसर्गाने जे एकत्र ठेवले आहे, ते तोडण्यापूर्वी माणसाने दहा वेळा विचार करावा, ही गोष्ट तेव्हापासून त्यांच्या मनात ठसली.

१९०५ साली ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा ह्या गावी सरकारने शेतीचे एक मोठे संशोधन केंद्र नुकतेच काढले होते. तेथे हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई ह्या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएलबाई केवळ शास्त्रज्ञाची पत्नी म्हणून येथे आल्या नव्हत्या. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न कसे तयार करतात, ह्या विषयावर केंब्रिज येथे त्यांनी केलेले काम शास्त्रज्ञांच्या जगात आधीच वाखाणले गेले होते. पुढील पंचवीस वर्षे पतिपत्नींनी खांद्याला खांदा लावून काम केले. १९१३ साली सरकारने गॅब्रिएलबाईंनाही वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पदावर नेमले. पुसा ४ आणि पुसा १२ ह्या गव्हाच्या प्रसिद्ध जाती ह्या दोघांच्या परिश्रमांतून निर्माण झाल्या. तेवढ्या एका कामावरही त्यांचे नाव शेतीच्या इतिहासात राहिले असते.

पुसा येथे हॉवर्ड ह्यांना ७५ एकर जमीन मिळाली. आता करून पाहायला जागा होती. पण काय करून पाहावे? येथे त्यांनी एक असे काम केले की ज्याचे त्या काळच्या साहेबी थाटाच्या अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटावे. ते आसपासच्या शेतकऱ्यांची शेते पाहू लागले. ती शेते नीट न्याहाळल्यावर त्यांना दिसले की, औषधांचा फवारा किंवा कारखान्यातील खते नसतानाही ह्या शेतांतील पिकांवर रोगांचा उपद्रव थोडा आहे. तेव्हा शेतकरी आणि पिकांवरील किडी ह्या दोघांना त्यांनी आपले गुरू मानले. शेतकरी चांगली शेती कशी करावी ते शिकवी. आणि कीड पडली की आपले कोठेतरी चुकले आहे, हे ती कीडच सांगे.

शेतकऱ्यांची एक रीत त्यांना फार अर्थपूर्ण वाटली. आपले शेतकरी ज्वारीत तूर पेरतात, गव्हात हरभरा मिसळतात. एकाच शेतात एकच पीक घेण्याची सवय असलेल्या युरोपियनाला हा गोंधळ वाटे. पण तूर, हरभरा, ताग, भुईमूग ह्यांसारखे एखादे रोप हलकेच उपटून पाहा. त्याच्या मुळांवर मोहरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी दिसतील. ह्या गाठी म्हणजे रोग नव्हे. ती एका जातीच्या जिवाणूंची घरे आहेत. हेल्‌रीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली ह्या गाठींचे रहस्य उकलले, आणि बायरिंक ह्या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये त्यांतील जिवाणू वेगळे काढून वाढविले. हवेत नायट्रोजन विपुल आहे, परंतु झाडाला तो हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू तो हवेतून घेतात आणि झाडाला पचेल अशा रूपात देतात. झाड त्यांना त्याबद्दल साखर देते. कोणी कोणावर उपकार करीत नाही. दोघांचाही संसार चालतो. आपल्या शेतकऱ्यांना ह्या जिवाणूंचे नावही ठाऊक नव्हते. तुरीनंतर जमीन सुधारते, एवढे मात्र त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

पुसा येथे हॉवर्ड ह्यांनी सहा बैलजोड्या हट्टाने स्वतःच्या ताब्यात मागून घेतल्या. त्यांना ते आपल्याच शेतातील सकस चारा घालीत. शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत पसरली. मध्ये केवळ एक ठेंगणे कुंपण होते. आजारी गुरे आणि हॉवर्ड ह्यांचे बैल त्यावरून एकमेकांच्या नाकाला नाक घाशीत. तरीही हे बैल आजारी पडले नाहीत. ह्यावरून हॉवर्ड ह्यांनी असा निष्कर्ष काढला की, जिवंत मातीत वाढलेले अन्न खाणाऱ्याला रोगाचे भय नाही. येथे आपण थोडे थांबले पाहिजे. मोजक्या बैलांच्या एका अनुभवावरून एवढा मोठा सिद्धांत काढणे विज्ञानाला मान्य होत नाही. सकस चारा चांगलाच. परंतु लाळ्या-खुरकुतीपासून गुरांना वाचवावयाचे, तर त्यांना लस टोचून घेतली पाहिजे. मोठी माणसेही आपल्या आवडत्या कल्पनेच्या मागे कधीकधी फार दूर जातात.

पुसा येथील व्यवस्था हॉवर्ड ह्यांना हळूहळू जाचू लागली. बुरशीचा विचार एका खात्याने करावयाचा, किडीचा दुसऱ्याने, मातीच्या रसायनाचा तिसऱ्याने, आणि झाडाचा चौथ्याने. झाड मात्र एकच! मुळापासून शेंड्यापर्यंत आणि मातीपासून गोठ्यापर्यंत सगळ्याचा एकत्र विचार करता येईल अशी संस्था त्यांना हवी होती. कापसाच्या संशोधनासाठी मिळालेला पैसा आणि मध्य भारतातील संस्थानांचे साहाय्य ह्यांतून ती इंदूर येथे उभी राहिली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली आणि हॉवर्ड संचालक झाले.

इंदूरची जमीन काळी, कपाशीची. अशी जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि तिच्यातील हवा कोंडते. मुळांना श्वास घ्यावयास हवा लागते, तशीच मातीतील सूक्ष्मजीवांनाही लागते. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, त्यांच्या जोडीला बुरशीचे तंतू असतात. पालापाचोळा, शेण, मेलेली मुळे हे त्यांचे अन्न. ते कुजवून त्यांतून ह्यूमस नावाचा काळा, स्पंजासारखा पदार्थ तयार होतो. ह्यूमस पाणी धरून ठेवतो, चिकण माती मोकळी करतो आणि झाडाला हळूहळू अन्न पुरवितो. ह्यूमस संपला की माती उरते, पण तिच्यातला जीव जातो.

हिंदुस्थानातील मातीची उपासमार होत होती. ह्याला शेतकऱ्याचे अज्ञान कारण नव्हते, दारिद्र्य कारण होते. जळणाला लाकूड नाही, म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापाव्या लागत आणि जमिनीचे अन्न चुलीत जाई. विकतचे खत घेण्याची ऐपत तर नव्हतीच. मग ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने आपली जमीन उपाशीच ठेवावी काय? इंदूरमधील हॉवर्ड ह्यांचे सारे काम ह्या एका प्रश्नाभोवती फिरत होते. त्याचे उत्तर गावातच, गावात वाया जाणाऱ्या वस्तूंत सापडले पाहिजे, असा त्यांचा निर्धार होता. चीनमधील शेतकरी शतकानुशतके प्रत्येक काडी कुजवून जमिनीला परत देतात, हे त्यांनी किंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या ग्रंथात वाचले होते. त्या जुन्या अनुभवाला विज्ञानाची जोड द्यावयाची होती. रसायनशाखेतील त्यांचे प्रमुख सहकारी यशवंत वाड ह्यांनी ह्या कामात त्यांना मोलाची साथ दिली.

काडीकचरा तसाच शेतात गाडला तर काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. बिघडते ते असे. कोरडी काडी कुजविणाऱ्या सूक्ष्मजीवांना स्वतःच्या वाढीसाठी नायट्रोजन लागतो. काडीत तो फार थोडा असतो. मग ते मातीतला नायट्रोजन ओढून घेतात, आणि पीक उपाशी राहून पिवळे पडते. म्हणून कुजण्याचे काम आधी शेताबाहेर उरकून घ्यावे आणि तयार झालेले खतच शेतात न्यावे, हे हॉवर्ड ह्यांनी ठरविले.

त्यांच्या पद्धतीत सामान अगदी साधे होते. सुमारे तीन भाग पाला, काड्या, तण, पाचट; एक भाग शेण व गोठ्यातील अंथरूण; शिवाय थोडी लाकडाची राख. गोठ्यातील जमीन ते मातीचीच ठेवीत. गोमूत्र त्या मातीत मुरे. काही महिन्यांनी ती माती खणून काढीत आणि खतात मिसळीत, आणि तिच्या जागी नवी माती भरीत. अशा रीतीने एक थेंबही वाया जात नसे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, परंतु खोल केवळ २ फूट. खोली एवढी कमी का? तर हवा ढिगात दीड-दोन फुटांहून खाली शिरत नाही, आणि हवेवाचून काम करणारे जिवाणू दुर्गंधी निर्माण करतात. म्हणून खड्डा भरताना पहारीने उभी भोकेही पाडीत. थरावर थर रचून त्यांवर पाणी शिंपडले, आणि जुन्या खड्ड्यातील थोडे अर्धेकच्चे खत विरजणासारखे मिसळले, की काम सुरू होई. घरी दुधाला विरजण लावतात ना, तसेच हे.

मग खड्डा तापू लागे. आतील उष्णता ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढे. त्या उष्णतेत तणांची बीजे आणि रोगजंतू मरून जात. आरंभी पांढऱ्या बुरशीचे राज्य असे. ती काड्यांचा टणकपणा मोडी. पुढे जिवाणू काम हाती घेत. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा ढीग उलथापालथा करीत, म्हणजे आतल्या कामकऱ्यांना हवा आणि पाणी मिळे. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत, तेव्हा जमिनीवरच ढीग रचीत. तीन महिन्यांनी शेण ओळखू येत नसे, काडी ओळखू येत नसे. ओल्या मातीचा सुवास मात्र येई. पहिल्या पावसानंतर जो सुगंध आपल्याला वेड लावतो, त्यातही अशाच सूक्ष्मजीवांचा वाटा असतो.

ही पद्धत पुढे इंदूर पद्धत ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या नावाऐवजी गावाचे नाव तिला देण्यात हॉवर्ड ह्यांचा मोठेपणा दिसतो. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड ह्यांनी मिळून लिहिलेला तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु तो आनंद पाहावयास गॅब्रिएलबाई राहिल्या नव्हत्या. १९३० साली त्यांचे निधन झाले होते. पुढच्याच वर्षी हॉवर्ड नोकरीतून निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. तेथे गॅब्रिएलबाईंच्या भगिनी लुईझ ह्यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

निवृत्त झाल्यावरही त्यांनी विश्रांती घेतली नाही. केनियातील कॉफीचे मळे, हिंदुस्थान आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, येथील चहाचे मळे ह्यांत इंदूर पद्धत पोहोचली होती. १९३७-३८ च्या हिवाळ्यात हॉवर्ड स्वतः चहाचे मळे पाहावयास आले. जेथे कंपोस्ट घातले होते, तेथील झुडपे टवटवीत होती. हे केवळ खतातील द्रव्यांमुळे झाले असेल असे त्यांना वाटेना. त्यांनी झुडपांची मुळे काढून इंग्लंडमधील रेनर ह्या विदुषीकडे तपासणीसाठी पाठविली. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसून आले की, बुरशीचे बारीक तंतू मुळाच्या आत शिरून तेथे नांदत आहेत. ज्या बुरशीला शत्रू समजून तरुण हॉवर्ड उसाच्या मळ्यांत हिंडले होते, तिचीच एक बहीण येथे झाडाची मैत्रीण निघाली. ही बुरशी आपले तंतू मुळांच्या पलीकडे दूरवर पसरते, तेथून स्फुरद वगैरे द्रव्ये आणि पाणी ओढून झाडाला देते, आणि झाडाकडून साखर घेते, हे आज निश्चितपणे माहीत झाले आहे. जमिनीवरील बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी अशा बुरशीचे नाते असते.

१९४० साली हॉवर्ड ह्यांनी आपला सर्व अनुभव ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट ह्या ग्रंथात लिहून काढला आणि तो गॅब्रिएलबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. ग्रंथावर मोठा वाद झाला. कारखान्यातील खतांनी माती मरते आणि सगळे रोग ह्यूमसच्या अभावी होतात, असे ते निक्षून सांगत. अनेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही, आणि ते सर्वस्वी बरोबरही नव्हते. रासायनिक खतांमुळे पुढे धान्याचे उत्पादन पुष्कळ वाढले आणि कोट्यवधी लोकांच्या तोंडी घास पडला, हे नाकारता येणार नाही. परंतु नुसती खते घालून सेंद्रिय द्रव्य परत न दिल्यास जमिनीचा पोत बिघडतो, हे त्यांचे म्हणणे अनुभवाने खरे ठरले. ते बोलत त्यात अतिशयोक्ती असे. करीत त्यात नसे.

हिंदुस्थानात त्यांच्या कामाचा धागा तुटला नाही. हिंदी साहित्य संमेलनासाठी १९३५ साली महात्मा गांधी इंदूरला गेले असता, ते संस्थेत जाऊन कंपोस्टची रीत पाहून आले. शहरातील कचऱ्यासाठी आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये बंगलोर येथे वेगळी पद्धत बसविली. इंदूरच्या त्या जमिनीवर १९५९ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. आणि मुळांच्या गाठींतील ते जिवाणू आता पाकिटांत मिळतात. पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवून तूर किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतात आणि बियाणे सावलीत वाळवून पेरतात.

सर अल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वारले. लुईझबाईंनी पुढे त्यांच्या हिंदुस्थानातील कामाची हकीकत एका पुस्तकात लिहिली. ते पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले.